घट्ट म्हणजे किती ग्रॅम?

“घट्ट दाबायचं म्हणजे किती ग्रॅम?”

हा प्रश्न मला एका बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता फोनवरून विचारण्यात आला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. विचारणारे होते माझे थोरले काका. मी एका महाविद्यालयात भाषा शिकवते. माझ्या विषयात ग्रॅम येत नाहीत. तरी काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणाले, “काका, घट्ट म्हणजे… चांगलं दाबायचं.”

“चांगलं मी दाबतो तेही चांगलं आणि तुझी काकू दाबते तेही चांगलं. त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आकडा सांग.”

आकडा माझ्याकडे नव्हता. काकांनी फोन ठेवला तो नेहमीप्रमाणे इतका अलगद, की संभाषण संपले आहे हे मला अर्ध्या मिनिटाने उमगले. तोवर मी एकटीच बोलत होते.

पुढील वृत्तांत काका आणि काकू यांनी नंतर स्वतंत्रपणे दिलेल्या निवेदनांवरून रचला आहे. दोन्ही निवेदनांत चार ठिकाणी तफावत आहे. जिथे तफावत आढळली तिथे घटनांच्या बाबतीत काकूंना आणि आकड्यांच्या बाबतीत काकांना प्रमाण मानले आहे. एका ठिकाणी दोघांनाही प्रमाण मानता आले नाही. त्याचा उल्लेख यथास्थळी येईल.

काकांचा व्यवसाय सूक्ष्म तराजू दुरुस्त करण्याचा. भाजीबाजारात दिसतात ते तराजू वेगळे. काकांकडे येतात ते काचेच्या पेटीत बसवलेले, शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतले आणि औषधे तयार करणाऱ्यांकडचे. त्यांची दांडी अकीक नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर तोललेली असते आणि पारड्यात चिमूटभर मीठ टाकले तर काटा त्या चिमटीतले खडे मोजू लागतो. अशा तराजूची वजने बोटांनी उचलायची नसतात. बोटांच्या तेलकटपणानेही वजन वाढते. ती चिमट्याने उचलायची. पेटीचे दार उघडताना श्वास रोखायचा. आणि कशालाही, कधीही, कोणत्याही कारणास्तव दाबायचे नाही. छत्तीस वर्षे हे व्रत पाळल्यावर माणसाच्या हाताचे काय होत असेल याची कल्पना करावी. काकांनी हातात हात घेतला तर घेतला की नाही याची खात्री करण्यासाठी खाली पाहावे लागते. गिऱ्हाइकांनी त्यांचे नाव ‘मिलिग्रॅमकाका’ असे ठेवले आहे. या नावातला विनोद त्यांना कळत नाही. त्यांच्या मते ते वस्तुनिष्ठ वर्णन आहे.

दुकान घराच्या तळमजल्यावर. आत पंखा नाही, कारण पंख्याने वारा होतो. दाराला घंटा नाही, कारण घंटेने हवा थरथरते. कामाची फळी दगडी असून ती भिंतीला कुठेही न टेकवता जमिनीत गाडलेल्या दोन स्वतंत्र खांबांवर ठेवली आहे. शिंक आली तर रस्त्यावर जाऊन द्यायची. एवढी सिद्धता करूनही एक कंपन दुकानात शिरत असे, आणि ते म्हणजे काकू.

काकूंनी एकतीस वर्षे टपाल कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीवर काम केले. पाकिटांवर शिक्के मारणे हे त्या कामाचे सार. दिवसाला दोन हजार शिक्के म्हटले तर एकतीस वर्षांत किती, हे काकांनी एकदा हिशेब करून सांगितले होते. आकडा ऐकून काकूंनी आपल्या उजव्या हाताकडे नव्या आदराने पाहिले. शेजारपाजारच्या बरण्यांची घट्ट बसलेली झाकणे त्यांच्याकडे उघडायला येतात. त्या जिना उतरू लागल्या की दुकानातल्या तराजूंचे काटे दोन-दोन घरे हलतात आणि काका वर न पाहता म्हणतात, “चहा आला.” दुकानाच्या उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर काकांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात जमिनीत पितळी पट्टी बसवून घेतली. कप पट्टीपाशी ठेवायचा आणि परत फिरायचे, हा नियम. तेहतीस वर्षे तो पाळला गेला, निदान काकांची तशी समजूत होती.

आता संगणकाकडे वळता येईल.

तराजू दुरुस्त करण्यासाठी परवाना लागतो आणि दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. पूर्वी परीक्षक दुकानात येत, खुर्चीवर बसत, काकांना एक तराजू शून्यावर आणायला लावत आणि सही करून जात. २०१८ साली संबंधित कार्यालयाचे पत्र आले, की यापुढे चाचणी कॅमेऱ्यावरून होईल. उमेदवाराने आपल्या दुकानातून, आपल्या संगणकासमोर, नेमल्या दिवशी अकरा वाजता उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास परवाना रद्द समजला जाईल आणि नव्याने अर्ज करावा लागेल. नव्या अर्जदाराचे वय पंचावन्नपेक्षा अधिक नसावे. काका तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. पत्राचा सरळ अर्थ असा, की त्या गुरुवारी अकरा वाजता संगणक सुरू नसेल तर दुकान कायमचे बंद.

पत्राच्या मागच्या बाजूला संगणकाची आवश्यक क्षमता दिली होती: मेमरी किमान आठ जीबी. काकांच्या संगणकात दोन होती. तो त्यांनी सात वर्षांपूर्वी पावत्या छापण्यासाठी घेतला होता आणि त्याच्या डब्याखाली पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी ठेवून तो अगदी सपाट बसवला होता. तेव्हा चाचणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांनी सुट्या भागांच्या दुकानातून चार-चार जीबीच्या दोन रॅमच्या पट्ट्या आणि एक कॅमेरा आणला. विकणाऱ्या मुलीने विचारले, “बसवायला येऊ का?” काका म्हणाले, “मी अकीकाच्या धारा बसवतो.” मुलीने पावती फाडून दिली.

काकांनी हात धुतले. मऊ चामड्याचे हातमोजे चढवले. डबा आडवा केला, झाकण काढले आणि आतली धूळ उंटाच्या केसांच्या कुंचल्याने झटकली. जुन्या पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना असलेले पांढरे खटके बाजूला करताच त्या ‘खट्ट’ असा आवाज करून वर आल्या. त्या आवाजाबद्दल काकांनी मदरबोर्डची माफी मागितली, असे काकूंचे म्हणणे आहे. काका ते नाकारतात. नंतर नवी पट्टी चिमट्याने उचलून, खाच खाचेला जुळवून, पारड्यात पाच मिलिग्रॅमचे वजन उतरवावे तशी त्यांनी ती खोबणीत उतरवली. पट्टी उभी राहिली. खटके अर्धवट उठून तिच्याकडे झुकले आणि थांबले.

चूक इथे झाली, आणि ही चूक तराजूवाल्याखेरीज दुसऱ्या कुणाला सुचली नसती. सूक्ष्म तराजूला ‘विराम’ नावाची एक अवस्था असते. काम नसताना दांडी धारेवरून किंचित उचलून आधारावर ठेवतात, म्हणजे धार झिजत नाही. कळ फिरवली की ती आपोआप जागेवर येते. अर्धवट उठलेले खटके पाहून काकांनी निष्कर्ष काढला, की पट्ट्या विरामात आहेत आणि वीज दिली की त्या स्वतः खाली बसतील. कळ दाबण्यापूर्वी त्यांनी त्यांना क्षणभर स्थिरावू दिले.

कळ दाबली. डब्यातला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा काळाच राहिला. मग डब्यातून एक लांबलचक ‘पीं’ निघाली. थोडी शांतता. पुन्हा ‘पीं’.

जिन्यावरून काकूंचा आवाज आला. “अहो, कोण रडतंय?”

“संगणक.”

“काय केलंत त्याला?”

“काहीच केलं नाही.”

“तेच म्हणतेय मी. काहीतरी करा की.”

काकांनी पद्धतशीर शोध आरंभला, आणि त्यांच्या पद्धतीत खोट काढायला मला तरी जागा सापडलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलाची नोंद करायची, पूर्ववत करायची, मग पुढची. त्यांनी पडद्याची वायर काढून पुन्हा लावली. कॅमेरा सोडवला. विजेचा सॉकेट बदलला. एक पट्टी काढून एकीवरच चालवून पाहिले, मग दुसरीवर, मग खोबणी बदलून. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसले आणि रबराचा कण न् कण कुंचल्याने वेचला. प्रत्येक वेळी ‘पीं’. अखेर त्यांनी जुन्या पट्ट्या परत घातल्या. सात वर्षे बिनबोभाट चाललेल्या पट्ट्या, त्याच जागी, तशाच.

‘पीं.’

तेव्हा मात्र काकांच्या तोंडचे पाणी पळाले. युक्तिवाद बिनतोड होता: नव्या पट्ट्यांनी चालत नाही, जुन्यांनीही चालत नाही, म्हणजे पट्ट्या निर्दोष आहेत आणि यंत्रच गेले आहे. जुन्या पट्ट्याही आपण तितक्याच हळुवारपणे, चिमट्याने, नुसत्या उभ्या केल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ठेवलेली वस्तू बसलेलीच असते, या विश्वासावर त्यांचे अवघे आयुष्य गेले होते.

त्यांनी दुकानातल्या मुलीला फोन लावला. ती क्षणात म्हणाली, “काका, पट्ट्या बसल्या नाहीत. घट्ट दाबा.”

“मोडतील.”

“नाही मोडत हो. दोन्ही अंगठ्यांनी दाबा. खट्ट वाजलं पाहिजे.”

“वाजायच्या आधी मोडली तर?”

“काका, मी दिवसाला वीस बसवते.”

“तुमचं वजन किती?”

मुलीने फोन आपटला नाही, यावरून तिच्या स्वभावाची कल्पना यावी. काकांनी घाईने खुलासा केला, की प्रश्न व्यक्तिगत नाही. अंगठ्यावर देहाचा किती भार येतो याचा अंदाज हवा होता. मुलगी इतकी हसली की तिला बोलता येईना. हसू आवरल्यावर ती म्हणाली, “उद्या माझी सुट्टी आहे, बहिणीकडे चाललेय, नाहीतर आले असते. तुम्ही दाबा. मनावर दगड ठेवा आणि दाबा.”

“केवढा दगड?” काकांनी विचारले. पण तोवर फोन बंद झाला होता. त्यानंतर त्यांनी मला फोन केला, आणि मी काय दिवे लावले ते वर आलेच आहे.

सायंकाळी काकांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर घेतला आणि त्यावर दोन्ही अंगठे ठेवून सारी शक्ती एकवटून दाबले. कपाळावर शीर उठली, चष्मा घसरला. काटा दोनशे चाळीस ग्रॅमवर गेला.

काकू बाजूला ताटे पुसत होत्या. “एवढ्या जोरानं तर मी डोळे मिटते,” त्या म्हणाल्या.

“मला दे म्हणशील, तर देणार नाही.”

“मी कुठे मागितलं?”

“तुझा हात म्हणजे शिक्का आहे. ते पाकीट नव्हे.”

“बरं. उद्या अकरा वाजता पाकीटच येईल. ‘परवाना रद्द’ असं लिहिलेलं. तेव्हा बघू कोणाचा हात लागतो ते.”

नऊ वाजता दोघे झोपली. जागरणाने काकांचा हात कापतो, त्यामुळे संकट कितीही मोठे असले तरी त्या घरात नऊला दिवे मालवले जातात.

गुरुवारी सकाळी काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दुकानात बसले आणि त्यांनी कार्यालयाला एक पत्र लिहिले. यंत्रातील बिघाडामुळे उपस्थित राहता येत नाही, सहानुभूतीने विचार व्हावा, वगैरे. साडेनऊ वाजता काटे दोन घरे हलले. काकू चहा घेऊन पितळी पट्टीपाशी आल्या. काकांनी पत्र पुढे केले. काकूंनी ते हातावर तोलले, पत्ता वाचला आणि व्यावसायिक मत दिले.

“आज टाकलं तर सोमवारी पोचेल. चाचणी आज अकराला.”

“मग?”

“मग काय, दुकान बंद.”

दगडी फळीवर सहा तराजू दुरुस्त होऊन उभे होते, त्यांच्याकडे काका पाहत बसले. काकूंना ते पाहणे सोसवले नाही, असे त्या मला म्हणाल्या. मात्र काकांना त्यांनी जे सांगितले ते वेगळेच होते.

“अहो, दुकान बंद म्हणजे तुम्ही दिवसभर वर. तुम्ही दिवसभर वर म्हणजे मी दिवसभर हळू चालायचं, भांडी हळू ठेवायची, फोनवर हळू बोलायचं. मला ते जमायचं नाही. सरका.”

आणि काकूंनी पितळी पट्टी ओलांडली. सहाही काटे शहारले.

“अगं, आत आलीस!”

“आले.”

“तेहतीस वर्षांत पहिल्यांदा!”

“दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तुमचा डोळा लागला होता. काही मोडलं नव्हतं.”

या माहितीने काका इतके गोंधळले की त्यांचा विरोध निम्म्यावर आला. उरलेला निम्मा त्यांनी अटीच्या रूपात मांडला. न मोजलेले बळ या दुकानात वापरले जाणार नाही. काकूंना पट्टी दाबायचीच असेल तर ती काट्यावर ठेवूनच दाबली जाईल, काका आकडा वाचतील, आणि ते ‘थांब’ म्हणतील तिथे थांबायचे. काकू कबूल झाल्या. कोपऱ्यात पार्सले तोलण्याचा एक मोठा काटा दुरुस्तीसाठी येऊन पडला होता. काकांनी तो ओढून आणला.

“हा तर माझा काटा!” काकू ओरडल्या. “तिसऱ्या खिडकीचा! याच्या कडेला मीच चिकटपट्टी लावली होती. अजून आहे बघा.”

“तूच बिघडवला असणार.”

“एकतीस वर्षं चालवला. मी सोडून दोन वर्षं नाही झाली तर बिघडला.”

संगणकाचा डबा काट्यावर आडवा ठेवण्यात आला, त्याच्या वजनानिशी काटा शून्यावर आणण्यात आला, आणि जुन्या पट्ट्या काढून पहिली नवी पट्टी काकांनी चिमट्याने खोबणीत उभी केली. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. काकूंनी बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले.

“एक किलो,” काका म्हणाले. “दीड. दोन. अगं, दोन झाले!”

“अजून नुसते अंगठे टेकवलेत.”

“अडीच. तीन. थांब!”

“का?”

“तीन किलो म्हणजे तीस लाख मिलिग्रॅम!”

“मला घाबरवू नका, हात घसरेल.”

“चार. पाच. अगं, बोर्ड वाकतोय, मला दिसतोय वाकताना—”

“वाकू दे, सरळ होईल. तुम्ही आकडा वाचा.”

“सहा. साडेसहा. सात. देवा.”

इथे, काकांनी स्वतः कबूल केल्याप्रमाणे, त्यांनी डोळे मिटून घेतले. छत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत मापन चालू असताना डोळे मिटण्याची ही एकमेव वेळ. काकू पट्टीकडे पाहत होत्या. त्यामुळे पुढच्या क्षणी जे ‘खट्ट’ वाजले आणि दोन्ही खटके ताडकन उभे राहून पट्टीला बिलगले, त्या क्षणी काटा कुठे होता हे जगात कोणालाही ठाऊक नाही. काका साडेनऊ किलो म्हणतात. त्यांना विचारले की कशावरून, तर म्हणतात, “आवाजावरून.” काकू म्हणतात, जेवढा लागायचा तेवढा.

काकांनी एक डोळा उघडला. “मोडली?”

“बसली. ही बघा. हलवून बघा.”

काकांनी पट्टीला बोट लावले. पट्टी हलली नाही. त्यांनी थोडे अधिक हलवून पाहिले. तरीही हलली नाही. आपण काल दिवसभर जे करत होतो त्याला ‘बसवणे’ म्हणत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात येताना काकूंनी त्यांचा चेहरा पाहिला. प्रथम कपाळ उंचावले, मग मिशी थरथरली, आणि मग त्यांच्या छातीतून एक बारीक, किणकिणता आवाज येऊ लागला. काका हसत होते. हा आवाज घरात फारसा परिचित नसल्यामुळे काकूंना आधी वाटले की संगणकच पुन्हा रडतो आहे.

“दुसरी मी बसवतो,” काका म्हणाले.

“जमेल?”

“आकडे तू वाच.”

“दोनशे ग्रॅम,” काकूंनी सुरुवात केली. “अहो, दोनशे पन्नास! कालचा विक्रम मोडला! अर्धा किलो! पाऊण! दाबा, दाबा, हे टपाल आजच्या गाडीनं गेलंच पाहिजे! दोन किलो! चार! डोळे उघडे ठेवा!”

काका चवड्यांवर उभे राहिले. हातमोजे त्यांनी कधी काढून टाकले होते हे त्यांनाही आठवत नाही. सहा किलोंवर त्यांना हसू आले आणि जोर गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आठ किलोंवर पुन्हा हसू. तिसऱ्या वेळी काकूंनी त्यांच्या पाठीवर एक हात ठेवला, म्हणजे शिक्का मारतात तसा, आणि ‘खट्ट’ वाजले. त्या आकड्याची नोंद आहे, परंतु त्यात काकूंच्या हाताचा वाटा किती हे वेगळे काढता येत नसल्याने काका तो ग्राह्य धरत नाहीत.

कळ दाबली. एकच छोटीशी, गोड ‘पी’. पडद्यावर प्रकाश आला, आणि कोपऱ्यात आकडा उमटला: आठ. काकूंनी टाळी वाजवली. टाळीने सहाही तराजू डोलले, आणि काका त्यांना ‘स्थिर, स्थिर’ असे म्हणायचेही विसरले.

अकराला पाच कमी असताना कॅमेरा जोडून झाला. काकू पितळी पट्टीच्या बाहेर, आणि काकांच्या विनंतीवरून उंबऱ्याच्याही बाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या. अकराच्या ठोक्याला पडद्यावर परीक्षक बाई दिसू लागल्या. करडे केस, पातळ ओठ, समोर कागद.

“नमस्कार सर. एक तराजू पातळीवर आणून शून्य दाखवा.”

काकांनी तराजूची पातळी साधली, पेटीचे दार लावले, कळ फिरवून दांडी सोडली. सारे यथासांग होते. एक गोष्ट सोडून. काकांचे हसू अजून पूर्ण ओसरले नव्हते. ते आतल्या आत येत होते आणि खांद्यांतून बाहेर पडत होते. त्यांनी ते दाबले; दाबणे हा शब्द मनात येताच त्यांना आणखी हसू आले. जिन्यावर काकूंनी ते ऐकले आणि तोंडात पदर कोंबला. पायरी थरथरू लागली. जमिनीतून, खांबांतून, दगडी फळीतून ती थरथर तराजूपर्यंत पोचली, आणि काटा शून्याच्या दोन्ही बाजूंना नाचू लागला.

“सर, काटा स्थिर होत नाही,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“चाचणीच्या तक्त्यातला चौथा प्रश्न इथेच घेऊ मग. कंपनाचा स्रोत ओळखा आणि दूर करा.”

काकांनी चष्मा पुसला. खोटे बोलणे हा त्यांच्या मते मापनातला सर्वांत मोठा दोष.

“स्रोत ओळखला आहे, मॅडम. माझी पत्नी. जिन्यावर बसून हसतेय.”

“दूर करा.”

“तेहतीस वर्षं झाली मॅडम. नाही करता येत.”

बाहेरून एक मोठा फुत्कार ऐकू आला. काटा तीन घरे उडाला. परीक्षक बाईंनी मान खाली घालून कागदावर काही लिहिले. ते लिहायला त्यांना फार वेळ लागला आणि त्या वेळात त्यांचेही खांदे हलताना दिसले, असे काका शपथेवर सांगतात. मान वर केली तेव्हा चेहरा पूर्वीसारखा होता.

“स्रोत दूर करता येत नसेल तर शून्य कसं काढाल?”

आता काकांचे हसू थांबले. हा प्रश्न त्यांना आवडला. ते खुर्चीत पुढे सरकले.

“काटा थांबायची वाट बघायची नाही, मॅडम. त्याला हलू द्यायचं. तो डावीकडे जिथवर जातो ती तीन टोकं टिपायची, मधली उजवीकडची दोन. दोन्ही बाजूंची सरासरी वेगळी काढायची आणि मग त्या दोन सरासरींच्या मधोमध. तो थांबला असता तर तिथे थांबला असता.”

“करून दाखवा.”

काकांनी करून दाखवले. डावीकडे चार पूर्णांक दोन, तीन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक चार. उजवीकडे चार, तीन पूर्णांक सहा. जिन्यावर काकू श्वास रोखून बसल्या होत्या, आणि श्वास रोखला की त्यांना हसू येते, त्यामुळे काटा थांबण्याची शक्यता नव्हतीच. काकांनी कागदावर आकडेमोड केली नाही. ती तोंडीच झाली.

“शून्यापासून शून्य पूर्णांक शून्य, मॅडम. तराजू बरोबर आहे.”

परीक्षक बाईंनी आकडे स्वतः मांडून पाहिले. त्याला दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांत दुकानात काटा आणि जिन्यावर काकू यांखेरीज काहीही हलत नव्हते.

“ठीक आहे सर. परवान्याचं नूतनीकरण होईल. पाच वर्षांसाठी. आणि,” त्या कागद आवरत म्हणाल्या, “बाईंना माझा नमस्कार सांगा.”

काकूंना नमस्कार सांगावा लागला नाही. त्या आत आल्या होत्या. पट्टीच्या आत, कॅमेऱ्याच्या समोर, आणि त्या पडद्याला हात जोडत होत्या.

परवाना नऊ दिवसांनी टपालाने आला. पाकिटावरचा शिक्का फिकट आणि तिरका असल्याची तक्रार काकूंनी तिसऱ्या खिडकीवर जाऊन नोंदवली.

२०२३ साली कार्यालयाने कॅमेऱ्यावरील चाचणी बंद केली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परीक्षक प्रत्यक्ष दुकानात आले आणि परवाना आणखी पाच वर्षांसाठी नूतनीकृत झाला.